पाहुणा खेकडा आणि आभाळातला उजेड

नॉर्वेच्या नकाशावर अगदी वर, उजव्या हाताच्या कोपऱ्यात, रशियाच्या सरहद्दीला जवळजवळ चिकटून किर्केनेस नावाचे एक लहानसे गाव आहे. बर्गनहून निघणाऱ्या किनारी जहाजांचा हा शेवटचा थांबा. उत्तर ध्रुववृत्त साडेसहासष्ट अंशांवर. हे गाव त्याच्याही वर, जवळजवळ ७० अंशांवर. सप्टेंबर-ऑक्टोबरात येथे दूरदूरचे प्रवासी येतात आणि त्यांचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. दिवसा नावेतून खाडीत जायचे, तळातून राक्षसी आकाराचे खेकडे ओढून काढायचे, ते उकडून खायचे. आणि रात्री गावातल्या दिव्यांपासून दूर जाऊन आभाळाकडे डोळे लावून बसायचे. नशीब असेल तर ध्रुवीय प्रकाश दिसतो. नसेल तर खेकडा तरी पोटात गेलेला असतो.

सहलीच्या जाहिरातीत या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितलेल्या असतात, जणू दोन्ही त्या अस्पर्श हिमप्रदेशाच्या देणग्या आहेत. यातली एक तशी आहे, यात शंका नाही. दुसरी मात्र माणसाने आणून टाकलेली आहे, आणि ती आणल्याचे बरे झाले की वाईट, याचा निकाल त्या देशाला अजून लावता आलेला नाही. या लेखात थोडी माहिती दोन्हींची द्यायची आहे. पण खरे बोलायचे आहे ते खेकड्याविषयी.

प्रथम, शरद ऋतूच का, हा प्रश्न. किर्केनेसला मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळतच नाही. त्या काळातही वरच्या वातावरणात ध्रुवीय प्रकाश चालूच असतो, पण भर दुपारी लावलेला कंदील जसा दिसत नाही तसा तो दिसत नाही. उलट नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, खाड्यांचे आतले भाग गोठतात, आणि मग खेकडा काढायचा तर बर्फाला भोक पाडून काढावा लागतो. शरद या दोहोंच्या मधला. बावीस-तेवीस सप्टेंबरला आपल्यासारखाच तेथेही बारा तासांचा दिवस असतो. पण त्यानंतर आपल्याकडे दिवस रोज मिनिटभराने लहान होतो, तर तेथे आठ-नऊ मिनिटांनी. आठवड्याभरात तासभर अंधार वाढलेला असतो आणि पाणी मात्र अजून वाहते असते. शरदाचे चांदणे म्हटले की आपल्याला कोजागरी आठवते, मसाल्याचे दूध आठवते. तेथे आभाळ पाहायला आलेल्या माणसाला पौर्णिमा जरा नकोशीच वाटते.

आणखी एक कारण आहे, ते सूक्ष्म आहे. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वादळे अधिक होतात, हे एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासकांच्या लक्षात आले होते. १९७३ साली रसेल आणि मॅकफेरॉन या दोन शास्त्रज्ञांनी त्याचे एक कारण मांडले. सूर्यापासून सतत एक विद्युत्भारित वारा वाहत असतो आणि तो सूर्याचे चुंबकीय क्षेत्र आपल्याबरोबर ओढून आणतो. वर्षाच्या या दोन काळांत पृथ्वीचा कल असा असतो की ते आलेले क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेने पडण्याचा संभव वाढतो. दोन्ही क्षेत्रे एका दिशेची असली तर दार बंद राहते. उलट दिशेची असली तर ती एकमेकांना जोडली जातात आणि दार उघडते.

रात्रीची हकीकत आधी सांगतो, कारण ती तुलनेने सोपी आहे. सूर्याचा हा वारा सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने येतो. सूर्य आपल्यापासून पंधरा कोटी किलोमीटर, म्हणजे त्याला चारेक दिवस लागतात. (सूर्यावर मोठा स्फोट झाला तर हेच अंतर एक-दोन दिवसांत कापले जाते.) पाठ्यपुस्तकांत पुष्कळदा असे वाचायला मिळते की सूर्याकडून आलेले कण ध्रुवांवर ओढले जातात आणि हवेवर आपटून प्रकाश देतात. हे अर्धेच खरे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र या वाऱ्याला बहुतांशी बगल देते. पण वाऱ्याच्या रेट्याने ते क्षेत्र रात्रीच्या बाजूला, धूमकेतूच्या शेपटीसारखे लांब ताणले जाते. दार उघडे असले की या शेपटीत ऊर्जा साठत जाते, आणि ताण असह्य झाला की ताणलेले रबर सुटावे तशी ती एकदम मोकळी होते. त्या झटक्याने इलेक्ट्रॉन पृथ्वीकडे फेकले जातात. ते चुंबकीय रेषांच्या वाटेने खाली उतरतात आणि वातावरणातल्या अणूंवर आपटतात. त्या रेषा चुंबकीय ध्रुवाभोवती एका कड्यात जमिनीकडे उतरतात. किर्केनेस त्या कड्याच्या जवळजवळ खालीच येते. म्हणून तेथे मामुली दिवशीसुद्धा प्रकाश दिसू शकतो.

रंगांचे गणित तर फारच मनोरंजक आहे. हिरवा आणि गडद लाल, दोन्ही रंग प्राणवायूच्या सुट्या अणूचेच. धक्का बसलेला अणू हिरवा प्रकाश टाकायला सेकंदाचा सुमारे पाऊण भाग घेतो, तर लाल टाकायला दोन मिनिटांच्या जवळपास. अणूच्या हिशेबाने दोन मिनिटे म्हणजे एक युगच. तेवढ्या वेळात शेजारचा अणू येऊन धडकला तर लाल प्रकाश टाकण्याआधीच ऊर्जा निघून जाते. म्हणून लाल रंग फक्त २०० किलोमीटरांच्या वर, जेथे हवा इतकी विरळ आहे की धडकायला शेजारीच नाही तेथे दिसतो. हिरवा त्याच्या खाली, शंभर-दीडशे किलोमीटरांवर. पडद्याच्या खालच्या काठाला कधी गुलाबी-जांभळी किनार असते, ती नत्रवायूची.

हे कोडे सोडवण्यात नॉर्वेच्याच क्रिस्तियान बिर्केलान या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. १८९९ साली त्याने आल्ता गावाजवळ हाल्दे नावाच्या डोंगरमाथ्यावर वेधशाळा उभारली आणि बर्फवाऱ्यात तेथे मुक्काम ठोकून निरीक्षणे केली. पुढे निर्वात पेटीत एक चुंबकीय गोळा, म्हणजे छोटी पृथ्वीच, टांगून त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला आणि ध्रुवांभोवती उजेडाची कडी उठवून दाखवली. वरून खाली चुंबकीय रेषांच्या वाटेने विद्युत्प्रवाह येतात हे त्याचे म्हणणे त्याच्या हयातीत पुष्कळांना पटले नाही. १९१७ साली तो तोक्योत वारला. १९६० च्या दशकात कृत्रिम उपग्रहाने ते प्रवाह मोजले, तेव्हा त्यांना त्याचेच नाव देण्यात आले. या संशोधनाचा खर्च भागवायला त्याने हवेतल्या नत्रापासून खत बनवण्याची एक पद्धत शोधण्यात भाग घेतला होता, आणि त्यातून मोठा कारखानदारी उद्योग उभा राहिला. आभाळातल्या दिव्यांसाठी शेतातल्या खताचे पैसे, असा तो मामला.

छायाचित्रे पाहून जाणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. अंधारात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाही, आणि कॅमेरा काही सेकंद उजेड साठवू शकतो. त्यामुळे मंद प्रकाश डोळ्यांना राखाडी ढगासारखा दिसतो आणि छायाचित्रात हिरवागार उमटतो. जोराचा असला म्हणजे मात्र सांगायला नको. मग तो पडद्यासारखा सळसळतो आणि चेहऱ्यावर उजेड पडतो.

आता थोडे आपल्याकडचे. 'ऑरोरा' ही रोमन लोकांची पहाटेची देवी, आणि हा शब्द व आपला 'उषा' शब्द एकाच मुळातून आलेले आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ऋग्वेदातल्या उषेच्या दीर्घ वर्णनांवरून आर्यांचे मूलस्थान ध्रुवप्रदेशात शोधले होते. तो सिद्धान्त आज विद्वान मानत नाहीत. पण तिकडची पहाट खरोखरच कंटाळा येईल इतकी लांबते, एवढे टिळकांचे बरोबर होते. याहून ठोस दुवा मुंबईत आहे. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरच्या एका प्रचंड स्फोटानंतर पृथ्वीवर इतिहासातले एक सर्वांत मोठे चुंबकीय वादळ झाले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. त्या वेळी कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय सूची पाहून आकडे लिहिण्याचे काम चालू होते, आणि ती नोंदवही आजही त्या वादळाचा जोर ठरवताना अभ्यासक उघडतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे काम १९०४ साली अलिबागला हलले. आणि १० मे २०२४ च्या रात्री, तसेच एक मोठे वादळ आले असताना, लडाखमधल्या हानले येथून क्षितिजावरची लाली टिपली गेली. लालच का, हे वर सांगितलेच आहे : इतक्या दुरून प्रकाशाच्या पडद्याचा फक्त सर्वांत उंच भाग क्षितिजाच्या वर येतो.

असो. आता खेकडा.

सकाळी प्रवाशांना अंगभर जाड, पाण्यावर तरंगणारे पोशाख चढवतात आणि नावेतून फियोर्डमध्ये नेतात. फियोर्ड म्हणजे हिमनद्यांनी कोरलेली, डोंगरांच्या मध्ये खोल घुसलेली समुद्राची खाडी. तेथे आदल्या दिवशी लोखंडी चौकटीचे, जाळी लावलेले मोठे पिंजरे हेरिंग माशाचे आमिष बांधून तळाशी सोडलेले असतात. वर फक्त बोया तरंगतो. यंत्राने दोर ओढला की काही मिनिटांनी पिंजरा पाण्याबाहेर येतो आणि आत एकमेकांवर चढलेले तांबूस, काटेरी प्राणी दिसतात. पाय ताणून धरले तर मोठ्या नराची रुंदी माणसाच्या उंचीइतकी भरते, आणि वजन आठ-दहा किलोपर्यंत जाते. मग छायाचित्रे होतात. मग नावाडी सुरीच्या एका फटक्यात खेकडा मारतो, पाय वेगळे करतो, आणि ते मोठ्या पातेल्यात समुद्राच्याच पाण्यात उकडतात. पावाचा तुकडा, लिंबू, मेयोनेज. तिरफळ नाही, ओले खोबरे नाही, लसूण नाही. आपल्या कोकणातल्या माणसाला ते फिके वाटेल, पण मांस गोड असते असे खाणारे सांगतात.

याला इंग्रजीत 'किंग क्रॅब' म्हणतात, आणि शास्त्राच्या दृष्टीने तो राजाही नाही व अस्सल खेकडाही नाही. आपल्या कुर्लीला नांग्या धरून पायांच्या पाच जोड्या दिसतात. याच्या चारच दिसतात. पाचवी जोडी बारीक असून कल्ल्यांच्या पोकळीत दडलेली असते. त्याचे जवळचे नातलग म्हणजे आपल्या किनाऱ्यावर रिकाम्या शंखात बिऱ्हाड करून फिरणारे ते छोटे जीव. पूर्वजाने शंख सोडला आणि स्वतःचे कवच जाड केले, त्याचा हा वंश. नांग्याही सारख्या नसतात. उजवी दणकट, शिंपले फोडायची, आणि डावी नाजूक, कातरायची.

कोकणात म्हणतात की अमावास्येची कुर्ली भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ. या खेकड्याचे भरणे चंद्रावर नव्हे, कवच टाकण्यावर ठरते. हिवाळ्याच्या उत्तरार्धात व वसंतात तो जुने कवच टाकतो. नवे कवच मोठे असते, पण आत मांसापेक्षा पाणीच जास्त. ते भरायला महिने लागतात. शरदात पाय गच्च भरलेले असतात, तेव्हा सहलवाल्यांनी निवडलेला ऋतू खवय्यांच्याही सोयीचा आहे.

हा प्राणी मूळचा कामचाट्काचा, म्हणजे प्रशांत महासागराच्या उत्तरेचा. अटलांटिकच्या बाजूला तो कधीच नव्हता. आपल्या वायव्य किनाऱ्यावरच्या लोकांना एक चांगले खाद्य मिळावे म्हणून सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तो बॅरेंट्स समुद्रात रुजवायचे ठरवले. १९३० च्या दशकात रेल्वेने नेण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. इतक्या लांबच्या प्रवासात खेकडे तगले नाहीत. १९६० च्या दशकात विमाने मिळाली. हजारो लहानमोठे खेकडे आणि लाखो डिंभ मुर्मान्स्कजवळच्या पाण्यात सोडण्यात आले. मादी एका वेळी काही लाख अंडी पोटाखाली वागवते, आणि डिंभ प्रवाहाबरोबर महिनोन्‌महिने वाहतात. त्या प्रवाहांना सरहद्द ठाऊक नव्हती. शीतयुद्धाच्या काळात जेथे माणसाला पलीकडे पाऊल टाकता येत नव्हते, तेथे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात नॉर्वेच्या कोळ्यांच्या जाळ्यात हा पाहुणा सापडू लागला.

सुरुवातीला तो शत्रूच वाटला. १९९० च्या दशकात कॉड माशाच्या जाळ्यांत खेकडेच खेकडे येऊ लागले. जाळी फाटत, गळाचे आमिष फस्त होई, आणि एकेक काटेरी पाय सोडवता सोडवता दिवस जाई. किर्केनेसजवळच्या बुगोयनेस या गावाची कथा या संदर्भात सांगितलीच पाहिजे. काही शे वस्तीचे हे कोळ्यांचे गाव. पूर्वज फिनलंडमधून आलेले, म्हणून त्याला 'छोटे फिनलंड' असेही म्हणत. १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो सगळा प्रांत जाळून टाकला, त्यातून जी थोडी गावे बचावली त्यात हे एक. पण १९८० च्या दशकात मासे कमी झाले, माशांचा कारखाना बुडाला, आणि १९८९ साली गावकऱ्यांनी वृत्तपत्रात जाहिरात दिली : आम्हा सर्वांना एकत्र कोठेतरी वसवून घ्या. आगीतून वाचलेले गाव भुकेने स्वतःच उठायला निघाले होते.

ते उठले नाही. १९९४ पासून प्रायोगिक आणि २००२ पासून व्यापारी खेकडेमारी सुरू झाली, आणि ज्याने जाळी फाडली त्यानेच नावांचे हप्ते फेडायला सुरुवात केली. जिवंत खेकडे विमानाने आशियातल्या मोठ्या शहरांत जाऊ लागले. किर्केनेसचेही तसेच. तेथली लोखंडाची खाण १९९६ साली बंद पडली, २००९ ला उघडली, २०१५ मध्ये पुन्हा दिवाळखोरीत गेली. तशा गावात पर्यटकांना खेकडे दाखवून मिळणारा पगार हा चेष्टेचा विषय नाही.

मग तक्रार कसली? तक्रार तळाशी आहे, जेथे प्रवासी पाहत नाही. खेकडा शिंपले, तारामासे, समुद्री किडे, जे हाती लागेल ते खातो. वारांगर फियोर्डच्या तळाच्या पाहणीत असे आढळले की मोठ्या आकाराचे तळजीव पुष्कळ घटले आहेत. शेतात गांडूळ जे काम करते ते गाळात हे किडे करतात; ते गेले की गाळ उकरला जात नाही, प्राणवायू आत शिरत नाही, आणि तळ हळूहळू घुसमटतो. दुसऱ्या बाजूने असेही दिसले आहे की हा खेकडा समुद्री साळू खातो. या साळूंनी पूर्वी समुद्रवनस्पतींची रानेच्या राने फस्त केली होती. ते घटले तशी काही ठिकाणी ती राने पुन्हा वाढू लागली आहेत. म्हणजे हिशेब एकाच रकान्यात मांडता येत नाही.

नॉर्वेच्या सरकारने यावर जो तोडगा काढला तो मला फार विचार करायला लावणारा वाटतो. २००० च्या दशकात त्यांनी समुद्रावर, नॉर्थ केप या भूशिराजवळून, २६ अंश पूर्व रेखांशाची एक रेघ ओढली. रेघेच्या पूर्वेला खेकडा ही संपत्ती : तेथे किती धरायचे याचा वार्षिक कोटा, लहान आकाराचा सोडून द्यायचा, पुढच्या वर्षासाठी राखायचा. रेघेच्या पश्चिमेला तोच खेकडा उपद्रवी : कितीही धरा, नर-मादी-पिल्लू काहीही धरा, आणि सापडलेला जिवंत परत पाण्यात सोडू नका, कारण तो पुढे लोफोतेनच्या कॉडच्या पाण्यापर्यंत पोहोचता कामा नये. काहींना हे दुटप्पी वाटते. एका परक्या प्राण्याला एका हाताने पोसायचे आणि दुसऱ्या हाताने मारायचे! पण पूर्वेला तो समूळ काढणे आता शक्य नाही. शेजारी रशिया तो जोपासतो आहे, तेथून डिंभ येतच राहणार. आणि काढायचा म्हटला तरी बुगोयनेसच्या माणसांना पुन्हा कोणत्या वृत्तपत्रात जाहिरात द्यायला सांगायची? तत्त्व शुद्ध ठेवण्यासाठी गाव रिकामे करणे मला तरी पटत नाही. मात्र पूर्वेच्या तळाला जे भोगावे लागते आहे त्याचा विसर पडू नये. खेकड्याचे पैसे येतात ते त्या तळाच्या जिवावर. शिवाय रेघ फक्त नकाशावर आहे. पश्चिमेला ट्रॉम्सोच्या बाजूलाही खेकडे सापडलेच आहेत.

किर्केनेसची नाव रेघेच्या पूर्वेला. त्यामुळे पिंजऱ्यात अंड्यांनी भरलेली मादी आली की नावाडी बहुधा ती उलटी करून प्रवाशांना दाखवतो. पोटाखालच्या झाकणाआड जांभळट दाण्यांचा गच्च लगदा असतो. सगळे वाकून पाहतात. मग तो तिला काठावरून अलगद पाण्यात सोडतो, पिंजऱ्यात नवे हेरिंग बांधतो, आणि पिंजरा तिच्या मागोमाग खाली जातो.